सहभागातून कार्यक्षमता : सुरतेने दिलेला धडा

(शासकीय व निमशासकीय कर्मचाऱ्यांच्या एका अभ्यासवर्गात एका पत्रकाराने केलेल्या भाषणाचा संपादित भाग)



आजच्या अभ्यासवर्गासाठी मला दिलेला विषय 'सहभागी नेतृत्व आणि सार्वजनिक संस्थांची कार्यक्षमता' असा आहे. निमंत्रणपत्रिकेत हे नाव वाचून मी प्रथम थोडा बिचकलो. मी कला शाखेचा पदवीधर; व्यवस्थापनशास्त्राचे विधिवत शिक्षण मी घेतलेले नाही. मात्र पत्रकारितेच्या निमित्ताने इतक्या वर्षांत सरकारी कचेऱ्यांचे इतके जिने चढलो-उतरलो आहे, की कोणत्या कचेरीत काम होते आणि कोणत्या कचेरीत केवळ कागद हलतात, याचा थोडाफार अंदाज दारातच येऊ लागला आहे. त्या अनुभवाच्या बळावर चार शब्द मांडणार आहे.

विषयाचे नाव भारदस्त असले, तरी त्यातला प्रश्न साधा आहे. जो माणूस प्रत्यक्ष काम करतो, त्याला विचारून निर्णय घेतले तर काम अधिक चांगले होते काय? आणि तसे होत असेल, तर आपण त्याला विचारत का नाही?

'मला कुणी इचारलंच नाही'

एक प्रसंग सांगतो. गावाचे आणि नगरपालिकेचे नाव सांगत नाही. कारण आपल्यापैकी अनेकांना तो आपल्याच गावातील वाटेल. तेथील एका वस्तीत दर पावसाळ्यात गटार तुंबून घरांत पाणी शिरत असे. तीन वर्षांत तीन वेळा दुरुस्तीच्या निविदा निघाल्या, तीन वेळा काम झाले, देयके चुकती झाली आणि चौथ्या पावसाळ्यातही पाणी घरात आलेच. मी बातमीसाठी गेलो. अभियंता महाशयांनी नकाशा पसरून सारे काही नियमानुसार कसे झाले आहे, ते मला समजावून सांगितले. नकाशा खरोखरच सुबक होता.

बाहेर पडताना आरोग्य विभागाचे एक मुकादम भेटले. निवृत्तीला दोन वर्षे राहिलेली. ते मला त्या वस्तीत घेऊन गेले आणि एका भिंतीकडे बोट दाखवून म्हणाले, "साहेब, जुनं गटार हिच्याखालनं जातंय. भिंत बांधताना आत राडारोडा पडला. पुढचं कितीबी साफ करा, पाणी उलटंच येणार." मी विचारले, "हे तुम्ही वरिष्ठांना का नाही सांगितले?" त्यावर त्यांनी दिलेले उत्तर मी अजून विसरलेलो नाही. "मला कुणी इचारलंच नाही. आपण हून सांगाया गेलं, तर म्हणत्यात, तू आम्हाला शिकवणार का?"

मित्रहो, आपल्या सार्वजनिक संस्थांचे दुखणे या एका वाक्यात सामावलेले आहे. माहिती खाली आहे, अधिकार वर आहे आणि दोहोंमध्ये जिना नाही. त्या मुकादमांना विचारले असते, तर निविदांचा पैसा वाचला असता आणि त्या घरांतील लहान मुलांना रात्र रात्र खाटेवर बसून काढावी लागली नसती. विचारण्याला खर्च शून्य होता. न विचारण्याची किंमत मात्र जनतेने मोजली.

प्लेगचे शहर

हा जिना बांधता येतो काय? येतो. त्याचे एक उदाहरण आपल्या शेजारीच आहे. ते म्हणजे सुरत.

सप्टेंबर १९९४ मधील सुरत आठवून पाहा. तापीच्या पुराचे पाणी ओसरले होते. मागे चिखल, कचरा आणि मेलेली जनावरे राहिली होती. वेड रोड परिसरात लोक तापाने फणफणले आणि फुप्फुसाच्या प्लेगची बातमी वणव्यासारखी पसरली. काही दिवसांत लाखो माणसांनी शहर सोडले. डॉक्टर दवाखाने बंद करून गेले. लिंबायत आणि उधना भागात आपल्या खानदेशातील हजारो कुटुंबे पोटासाठी स्थायिक झालेली. त्यांच्यापैकी अनेकांनी मिळेल त्या गाडीने गावाकडची वाट धरली. परदेशी विमान कंपन्यांनी भारतात येणारी उड्डाणे थांबवली, हिऱ्यांच्या आणि कापडाच्या बाजाराला टाळे लागले. देशभरातील मृतांचा अधिकृत आकडा साठच्या आत राहिला; परंतु एका संपन्न शहराची आणि त्याबरोबर देशाची जगात झालेली नाचक्की कोणत्याही आकड्यात मावणारी नव्हती.

येथे एक गोष्ट लक्षात घेतली पाहिजे. सुरत महानगरपालिका गरीब नव्हती. तिच्याकडे माणसे होती, कायदा होता, अधिकारी होते. तरीही शहरातील निम्म्याच्या आसपासच कचरा उचलला जात होता. याचा अर्थ, उणीव साधनांपेक्षा कारभाराच्या रीतीत होती.

एसीकडून डीसीकडे

मे १९९५ मध्ये एस. आर. राव हे आयुक्त म्हणून सुरतेत आले. त्यांनी नवा कर्मचारीवर्ग मागवला नाही. जुनीच माणसे, जुनाच कायदा. मग बदलले काय?

पहिली गोष्ट अधिकारांची. शहराचे सहा विभाग होते. प्रत्येक विभागाच्या प्रमुखास रावांनी आयुक्ताचे बहुतेक प्रशासकीय आणि आर्थिक अधिकार देऊन टाकले. म्हणजे, नाला दुरुस्त करायचा असेल तर फाईल मुख्यालयात जाऊन, चार टेबलांवर चार शेरे घेऊन, महिन्याने परत येण्याची गरज राहिली नाही. विभागप्रमुखाने जागेवर निर्णय घ्यायचा आणि त्याचे उत्तरदायित्वही स्वतःच घ्यायचे. निर्णय चुकला तर वरच्याकडे बोट दाखवायची सोय उरली नाही.

दुसरी गोष्ट पायांची. 'एसीकडून डीसीकडे' अशी त्यांची घोषणा होती; वातानुकूलित दालनातून दैनंदिन कामाकडे, असा तिचा अर्थ. आयुक्तांपासून अभियंत्यांपर्यंत सर्व वरिष्ठांनी रोज सकाळी रस्त्यावर उतरायचे, कचरा उचलला गेला काय, पाणी आले काय, गटार वाहते काय, हे डोळ्यांनी पाहायचे. जो साहेब सकाळी सात वाजता उकिरड्याशेजारी उभा राहतो, त्याच्याशी सफाई कामगार वेगळ्या सुरात बोलतो. त्याला चिठ्ठी लिहावी लागत नाही, दालनाबाहेर शिपायाची विनवणी करावी लागत नाही. 'साहेब, ही गाडी इथवर येत नाही, गल्ली अरुंद आहे,' हे तो जागेवर सांगतो आणि साहेबाला ते दिसतही असते.

तिसरी गोष्ट रोजच्या बैठकीची. दुपारनंतर सारे विभागप्रमुख आणि खातेप्रमुख एकत्र बसत. सकाळी जे पाहिले ते मांडत. एका विभागाची अडचण दुसऱ्या खात्यामुळे असेल, तर ते खाते समोरच बसलेले असे. पाणीपुरवठ्याने खोदलेला रस्ता बांधकाम खात्याने बुजवायचा की नाही, यावर आपल्याकडे वर्षभर पत्रव्यवहार चालतो. तेथे तो प्रश्न समोरासमोर सुटू लागला. आणि महत्त्वाचे म्हणजे, कालच्या बैठकीत दिलेला शब्द आज पाळला काय, हे सर्वांसमोर विचारले जाऊ लागले. बरोबरीच्या माणसांपुढे उत्तर देण्याची लाज आणि अभिमान, या दोन्ही गोष्टी कोणत्याही कारणे-दाखवा नोटिशीपेक्षा अधिक काम करून जातात.

चौथी गोष्ट नागरिकांची. तक्रार आली, की तिच्या स्वरूपाप्रमाणे ती सोडवण्याची मुदत ठरलेली. रुग्णालयांकडून आणि खासगी डॉक्टरांकडूनही तापाच्या रुग्णांची माहिती नियमितपणे मिळवली जाऊ लागली. म्हणजे रोगाचा पाय कोणत्या वस्तीत पडला आहे, ते साथ पसरण्यापूर्वीच कळावे. मुख्य रस्त्यांची झाडलोट रात्री होऊ लागली. अशा शेकडो लहान गोष्टींतून कचरा उचलण्याचे प्रमाण नव्वद टक्क्यांच्या वर गेले आणि १९९६ मध्ये 'इन्टॅक' या संस्थेच्या पाहणीत सुरत हे चंडीगढनंतरचे देशातील दुसरे स्वच्छ शहर ठरले. प्लेगनंतर अवघ्या दोन वर्षांत!

सहभाग म्हणजे ढिलाई नव्हे

येथे एखादा श्रोता म्हणेल, हे तर कडक प्रशासकाचे उदाहरण झाले. रावांनी अतिक्रमणे पाडली, अस्वच्छता करणाऱ्या उपाहारगृहांना आणि दुकानदारांना दंड केले. यात सहभाग कोठे आला?

आक्षेप योग्य आहे, म्हणून त्याचे उत्तर नीट दिले पाहिजे. सहभागी नेतृत्व म्हणजे सर्वांना बरे वाटेल असे बोलणे, अशी एक गैरसमजूत आपल्याकडे आहे. घरातील कर्ता माणूस सर्वांचे ऐकून घेतो, पण निर्णयाची जबाबदारी टाळत नाही. शिस्त आणि संवाद यांत वैर नाही. वैर आहे ते शिस्त आणि लहर यांत. नियम सर्वांना सारखा असेल, तर माणूस कडकपणाही स्वीकारतो. सुरतेत पाडकामाची सुरुवात धनदांडग्यांच्या बांधकामांपासून झाली, हे त्या कडकपणामागचे नैतिक बळ होते. वरच्यांना सूट आणि खालच्यांना शिस्त, अशी विभागणी असेल, तर कितीही बैठका घ्या, त्या बैठकीत खरे बोलणारा माणूस मिळणार नाही.

असेच दुसरे उदाहरण महानगरपालिकेपेक्षा कितीतरी मोठ्या संस्थेचे आहे. १९८५ मध्ये व्ही. कृष्णमूर्ती भारतीय पोलाद प्राधिकरणाचे, म्हणजे 'सेल'चे अध्यक्ष झाले. त्यापूर्वी 'भेल' आणि मारुती उद्योग या सार्वजनिक कंपन्यांची धुरा त्यांनी वाहिली होती. मारुतीमध्ये अधिकारी आणि कामगार एकच गणवेश घालत आणि एकाच उपाहारगृहात रांगेत उभे राहत, ही जपानी भागीदारांकडून उचललेली रीत त्या काळात नवलाची वाटे. पोलाद कारखान्यांची अवस्था तेव्हा बिकट होती. दोन लाखांहून अधिक कर्मचारी आणि काही वर्षांचा तोट्याचा डोंगर. कृष्णमूर्तींनी प्रथम योजना जाहीर केली नाही. ते आणि त्यांचे सहकारी भिलाई, बोकारो, राऊरकेला, दुर्गापूर अशा कारखान्यांत गेले आणि हजारो कर्मचाऱ्यांशी, कामगार संघटनांच्या नेत्यांशी बोलले. त्यातून 'कृतीचे अग्रक्रम' सांगणारी एक छोटी पुस्तिका तयार झाली. कार्यसंस्कृती, असलेल्या यंत्रांचा पुरेपूर वापर, खर्चावर नियंत्रण, ग्राहकाचे समाधान, असे मोजकेच मुद्दे. परंतु ते मुद्दे वाचताना भट्टीजवळच्या कामगाराला, 'हे तर मीच सांगितले होते,' असे वाटण्याची सोय त्यात होती. योजना माझी आहे असे वाटले, की ती पाळण्यासाठी पहारेकरी लागत नाही.

कायद्यातील सहभाग आणि प्रत्यक्षातील सहभाग

आपल्याकडे हा विचार नवा नाही. उद्योगांच्या व्यवस्थापनात कामगारांचा सहभाग असावा, यासाठी १९७६ च्या बेचाळिसाव्या घटनादुरुस्तीने राज्यघटनेत अनुच्छेद ४३-क घालण्यात आला. त्याआधी आणि त्यानंतर संयुक्त परिषदांच्या योजना आल्या. १९९० मध्ये राज्यसभेत विधेयकही मांडले गेले. त्याचा कायदा मात्र कधी झाला नाही. दत्तोपंत ठेंगडी 'उद्योगांचे श्रमिकीकरण' ही संकल्पना आग्रहाने मांडत. कामगार हा उद्योगाचा केवळ नोकर नसून त्याचा भागीदार आहे, हा तिचा गाभा होता.

मग या योजनांचे झाले काय? बहुतेक ठिकाणी समित्या स्थापन झाल्या, फलक लागले, इतिवृत्ते लिहिली गेली. पण चर्चा कशाची? उपाहारगृहातील चहा, गणवेशाचे कापड, सायकल ठेवण्याची शेड. उत्पादन, खरेदी, यंत्रांची दुरुस्ती, बदल्या, हे विषय आले की 'ते व्यवस्थापनाचे काम' असे सांगितले जाई. दुसऱ्या बाजूने काही संघटनांनीही समितीकडे मागण्यांचे आणखी एक व्यासपीठ म्हणूनच पाहिले. अधिकार सोडायची तयारी नाही आणि जबाबदारी घ्यायची तयारी नाही. अशा दोन नकारांमध्ये सापडलेला सहभाग कागदावर राहिला.

महाराष्ट्रातही चांगले प्रयोग झाले. १९८० च्या दशकात तेव्हाच्या अहमदनगर, आजच्या अहिल्यानगर जिल्ह्यात जिल्हाधिकारी अनिलकुमार लखिना यांनी कचेरीची मांडणी, दप्तराचे वर्गीकरण आणि प्रत्येकाच्या कामाची स्पष्ट वाटणी यांतून जो बदल घडवला, तो 'लखिना पॅटर्न' म्हणून राज्यभर गाजला. आपल्यापैकी ज्येष्ठांनी ते नाव ऐकले असेल. नाव राहिले, पॅटर्न किती राहिला, हे आपण आपापल्या कचेरीतील कपाट उघडून पाहावे.

खरी परीक्षा

यातून मी आजच्या विषयाच्या गाभ्याशी येतो. कर्तबगार अधिकारी येतो, काम होते, वर्तमानपत्रांत आम्ही लोक कौतुकाचे रकाने भरतो. दोन वर्षांनी त्याची बदली होते आणि चार महिन्यांत सारे पूर्वपदावर येते. असे आपण किती वेळा पाहिले! म्हणून नेतृत्वाची परीक्षा तो माणूस खुर्चीवर असताना करू नये. तो गेल्यानंतर करावी.

सुरतेची ती परीक्षा झाली. १९९७ मध्ये राव यांनी सुरत सोडली. विभागांचे अधिकार, सकाळची फेरी, रोगांवरची नजर, ही घडी पुढील आयुक्तांनी टिकवली. ऑगस्ट २००६ मध्ये तापीला महापूर आला. उकाई धरणातून प्रचंड विसर्ग झाला आणि शहराचा बहुतांश भाग पाण्याखाली गेला. हा पूर १९९४ च्या पुराहून कितीतरी मोठा होता. पाणी ओसरल्यावर पुन्हा तोच चिखल, तोच कचरा, तीच मेलेली जनावरे. सर्वांच्या मनात एकच भीती होती. परंतु महानगरपालिकेची यंत्रणा कामाला लागली, इतर शहरांची पथके मदतीला आली आणि १९९४ सारखी साथ आली नाही, तशी पळापळही झाली नाही. त्या वेळी राव तेथे नव्हते. त्यांनी लावलेली सवय तेथे होती. पुढे २०२३ च्या स्वच्छ सर्वेक्षणात सुरतेने इंदूरच्या बरोबरीने देशात पहिला क्रमांक मिळवला. प्लेगपासून या क्रमांकापर्यंत सुमारे तीन दशके, आणि या काळात आयुक्त किती बदलले!

अधिकार एका खुर्चीत साठवले, तर ते खुर्चीबरोबर जातात. ते अनेक हातांत वाटले, तर हात बदलले तरी काम चालू राहते. माझ्या अल्प मतीला सुरतेचा हा धडा सर्वांत मोलाचा वाटतो.

बैठकीत कोण नाही?

तथापि, केवळ गौरव करून थांबणे प्रामाणिक होणार नाही. सहभागाची साखळी विभागप्रमुखापर्यंत पोहोचली, निरीक्षकापर्यंत पोहोचली. पण ती शेवटच्या माणसापर्यंत पोहोचते काय? आज अनेक पालिकांत झाडू मारणारा माणूस पालिकेचा नाही, ठेकेदाराचा आहे. त्याचे नाव साहेबाला ठाऊक नसते. कधी कधी हजेरीपत्रकावरचे नावही त्याचे नसते. तो आज आहे, उद्या नाही. मग गल्लीतील गटाराचे ज्ञान कोणाकडे साठणार? माझे ते मुकादम तीस वर्षे एका गावात राबले, म्हणून त्यांना भिंतीखालचे गटार ठाऊक होते. ठेकेदाराचा सहा महिन्यांचा माणूस ते कोठून सांगणार?

आणि प्रश्न केवळ कार्यक्षमतेचा नाही. हाताने मैला साफ करण्याच्या प्रथेवर २०१३ च्या कायद्याने बंदी घातली. साधनांशिवाय माणसाला गटारात उतरवणे हा गुन्हा ठरला. तरीही चेंबरमध्ये उतरलेला माणूस गुदमरून दगावल्याच्या बातम्या आम्हाला आजही लिहाव्या लागतात. अशी बातमी लिहिताना माझ्या मनात एकच विचार येतो. त्या दिवशी आत विषारी वायू असेल, हे उतरणाऱ्याला बहुधा वासावरून कळले असेल. 'आज उतरू नये' असे म्हणण्याचा अधिकार त्याला होता काय? म्हटले असते, तर कोणी ऐकले असते काय? ज्या संस्थेत खालच्या माणसाचा 'नाही' हा शब्द वर पोहोचत नाही, तेथे सहभागाची भाषा करण्यात अर्थ नाही. समरसता हा शब्द आपण सभांतून वापरतो. त्याची कसोटी त्या चेंबरच्या काठावर लागते.

मित्रहो, समारोपाकडे वळतो. आपल्यापैकी कोणी तहसील कचेरीत असेल, कोणी पालिकेत, कोणी महामंडळात, कोणी बँकेत. आयुक्तांचे अधिकार आपल्याकडे नाहीत, हे मला माहीत आहे. परंतु आपल्या प्रत्येकाच्या हाताखाली किंवा बाजूला एखादा तरी माणूस असा आहे, ज्याला आपल्यापेक्षा एखादी गोष्ट अधिक ठाऊक आहे. उद्या कचेरीत गेल्यावर त्याला बसायला सांगा आणि विचारा, "या कामात तुम्हाला काय अडते?" तो प्रथम काही बोलणार नाही. इतक्या वर्षांची सवय आहे. एका दिवसात मोडणार नाही. दुसऱ्या आठवड्यात पुन्हा विचारा. तो जे सांगेल, त्यातील एक तरी गोष्ट करून दाखवा आणि ती त्याच्या सांगण्यावरून झाली, हे चारचौघांत बोला. यासाठी शासन निर्णयाची गरज नाही, वेगळी तरतूद लागत नाही.

ते मुकादम पुढे निवृत्त झाले. निरोपसमारंभात त्यांना शाल आणि नारळ मिळाला. वरिष्ठांनी त्यांच्या प्रदीर्घ सेवेचा गौरव करणारे भाषण केले. त्या समारंभाला मी हजर होतो. भाषणे संपल्यावर मी त्यांना हळूच विचारले, "भिंतीखालच्या गटाराचे पुढे काय झाले?" ते हसले आणि म्हणाले, "अजून हाय तसंच. नवीन साहेब आल्यात. बघू, ते तरी इचारत्यात का."

ते नवे साहेब आपल्यापैकी कोणी असू शकेल. त्यांनी विचारावे, एवढीच विनंती.